मीटरमागचा उजेड

दिवाळी सरली, लवकर पिकणारा हलका धान कापून झाला आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, लागल्या, की आमच्या भागातल्या गाड्यांना उजेडाची हौस येते. साकोलीत रस्त्याकाठी माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वर्षभर लोक सेल्फ उचलत नाही, हॉर्न वाजत नाही असल्या तक्रारी घेऊन येतात. या दीड-दोन महिन्यांत मात्र कुणाला छताला रंगीत पट्टी हवी असते, कुणाला नंबरप्लेटीभोवती, आणि निम्म्यांना तरी मीटरमध्ये निळा उजेड. मंडईला जावई येणार, त्यांना बसवून बाजार फिरवायचा, तेव्हा गाडी आतून झगमगली पाहिजे. मी निळे एलईडी संपले म्हणून सांगतो. डब्बा फळीवर समोर दिसत असतो, तरी संपले म्हणतो. गिऱ्हाईक डब्याकडे बघतं, माझ्याकडे बघतं आणि शेजारच्या दुकानात जातं. माझं डोकं जरा फिरलेलं आहे असं बाजारानं ठरवून टाकलं आहे, त्यामुळे माझे बरेच खुलासे वाचतात.

डोकं फिरण्याचं कारण दुकानातच बसलेलं असतं, दाराजवळच्या बाकावर. माझा थोरला भाऊ सुधाकर. मी त्याला दादा म्हणतो. त्याचा उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डाव्यानं नळीतून पाहावं तेवढं समोरचं दिसतं, आजूबाजूचं काही नाही. बारा वर्षांपूर्वी अशाच एका हिवाळ्यात त्याची नजर जात होती, आणि मी, त्याचा सख्खा भाऊ, त्याच्या जीपच्या मीटरमधले बल्ब बदलत होतो. एक अख्खा मोसम मी तेवढंच केलं. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन एक वाक्य ऐकवलं. ते दादाला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. या वर्षापर्यंत नाही.

बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. दादानं त्याच महिन्यात शाळा सोडली आणि एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढला. पुढे त्यानं स्वतःची काळी-पिवळी जीप घेतली. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन तेव्हा नऊ-दहा वर्षं झाली होती. साकोली ते सानगडी या रस्त्यावर तो दिवसातून सहा-सात फेऱ्या मारायचा. मंडईच्या दिवसांत तर फेऱ्या मोजायच्याच नाहीत. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. दुपारी बाजार, संध्याकाळी दंडारीचं नाचगाणं, मग नाटक. गाडीत पोरीबाळी, पाहुणे, सिंगाड्याच्या पिशव्या, कुणाच्या मांडीवर कोंबडा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, बांधावर धानाचे पुंजणे रचलेले, आणि ओलसर तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा, तो वास. तो वास आजही नाकात शिरला की मला आधी भूक लागते आणि ताट समोर आलं की जेवण नको होतं. दोन्ही लागोपाठ होतात, त्याला माझा इलाज नाही.

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दादा दुकानात आला आणि म्हणाला, "विन्या, मीटरात काही दिसूनच नाई राहिलं. बल्ब गेला असन, पाहून घे."

जीपच्या मीटरमागे छोटे बल्ब असतात. त्यावर हिरवी रबरी टोपी असते. वर्षानुवर्षांच्या गरमीनं ती टोपी भाजून काळी पडते आणि उजेड शेवाळी दिसतो. मी मीटर काढला, स्पीडची केबल सोडवली, मागून बल्ब फिरवून बाहेर काढले. सगळे चांगले होते. टोप्या मात्र खरोखरच काळवंडल्या होत्या. मला कारण सापडलं. कारण सापडलं की आम्हा कारागिरांना किती आनंद होतो, हे कारागिरालाच कळेल. मी टोप्या फेकल्या, नवे बल्ब घातले. दोन दिवसांनी दादा परत हजर. "जमलं नाई ना बे."

त्या काळी एलईडी आमच्याकडे नवेच होते. मी खास त्यासाठी नागपूरला गेलो. बाजारातल्या एका अरुंद दुकानात काउंटरवर बॅटरी ठेवलेली होती. दुकानदार एकेक रंग तिच्यावर टेकवून दाखवत होता. लाल, पिवळा, हिरवा, पांढरा, निळा. बल्ब कसाही घातला तरी पेटतो, एलईडीला मात्र उलट-सुलट असतं. चुकीच्या बाजूनं बसला तर गप्प बसतो, हे मी तिथंच शिकलो. सगळ्या रंगांची पाकिटं घेतली. परतीच्या एसटीत पाकिटं मांडीवर ठेवून मी एवढा खूश होतो, की भंडारा कधी मागे पडलं कळलंही नाही. दादासाठी आपण काहीतरी करतो आहोत, असं मला वाटत होतं. हे लिहिताना मला माझी शरम वाटते आहे.

रंग पारखायला अंधार लागतो, आणि दादाला रिकामा वेळ मिळायचा तो भर दुपारी. म्हणून आम्ही जीपच्या काचेवर आणि दारांवर घरच्या गोधड्या टाकल्या. आत दोघं भाऊ. बाहेर लोक चहा पिताना हसत होते. "काय बे, अंडे उबवून राहिले काय?" कुणीतरी ओरडलं. गोधडीला वहिनीच्या घरातल्या धुराचा वास होता. लहानपणी आम्ही एकाच गोधडीत झोपायचो, तसेच खांद्याला खांदा लावून बसलो होतो. मी एकेक रंग लावत गेलो. लालमध्ये आकडे विझल्यासारखे झाले, कारण मीटरचे आकडे हिरव्या रंगात छापलेले होते. पिवळा चालला असता, पण दादानं नाक मुरडलं. निळा लावला तेव्हा त्याचं तोंड खालून उजळलं आणि तो म्हणाला, "हा बरा हाय."

"आकडे दिसते?"

"दिसते."

"काटा कुठं हाय?"

"शून्यावर."

उभ्या गाडीचा काटा शून्यावरच असणार. ते सांगायला डोळे कशाला हवेत? डिझेलचा काटा विचारला तर म्हणाला, अर्ध्यावर. तो काटा तीन वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला होता, हे सानगडीच्या पोराटोरांनाही माहीत होतं. मी जे विचारलं ते सगळं दादाला पाठ होतं. मी परीक्षा घेतली, त्याला पास केलं आणि गोधड्या काढल्या. ऊन एकदम डोळ्यांवर आलं. मी डोळे मिचकावले. दादा मात्र कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसून राहिला. मी स्क्रू आवळण्यात गुंतलो होतो.

गोधडीखालचं ते निळं तोंड मला अजून दिसतं. रात्री कुणाच्या गाडीत पुढे बसलो आणि ड्रायव्हरच्या हनुवटीवर मीटरचा उजेड पडलेला दिसला, तर मी बोलता बोलता थांबतो. म्हणून शक्यतो मागेच बसतो. बायको म्हणते, तुम्हाला मागे बसून उलटी होते तरी मागेच कशाला बसता? तिला मी सांगतो, पुढे ऊन लागतं. रात्री.

आठ दिवसांत तिसरी तक्रार आली. "उजेडाच्या भोवताल कडं दिसते. रंगीत. पावसात खांबाच्या लाइटीभोवती दिसते ना, तसं."

एलईडीचा उजेड समोर सरळ जातो, पसरत नाही, म्हणून तसं होत असेल असं मी ठरवलं. त्यावर उपाय होता आणि त्याचा मला अभिमान होता. एलईडीचं गोल टोक पॉलिश पेपरवर घासायचं, म्हणजे ते दुधाळ होतं आणि उजेड चहूकडे फाकतो. एकेक टोक मी दोन बोटांत धरून घासत बसलो. वर मिठाईच्या खोक्यातला बटर पेपर कापून आकड्यांच्या मागे लावला. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं. आजही मी ते उत्तम करतो.

त्या महिन्याच्या पौर्णिमेला आम्ही सगळे विहारात गेलो होतो. वंदना झाली. माणसं पांगली, आम्ही मागे बसून होतो. समोर मेणबत्त्या जळत होत्या. दादा हळूच मला म्हणाला, "विन्या, मेणबत्तीच्या भोवतालबी कडं दिसून राहिलं."

मेणबत्तीला कुठला आला एलईडी? तिला ना टोपी, ना होल्डर, ना बटर पेपर. माझी सगळी कारणं त्या क्षणी संपायला हवी होती. मी वर उदबत्तीकडे पाहिलं आणि म्हणालो, "धूर असन."

बारा वर्षांत मी स्वतःला पुष्कळ माफ्या देऊन पाहिल्या. शिक्षण कमी, माहिती नव्हती, तो स्वतःच बल्ब म्हणत होता. या एका जागी येऊन सगळ्या माफ्या अडतात. मी ऐकलं होतं. मला खटकलंही होतं. पण खटकलेलं खरं धरलं असतं तर दादाची जीप उभी करावी लागली असती, मंडईच्या ऐन दिवसांत. मला ते नको होतं. त्यालाही नको असणार.

मग एका संध्याकाळी त्याच्या जीपनं धानाच्या बंडीला घासलं. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. धानाच्या पेंढ्या आरशात अडकल्या, बैल बिथरले, कुणाला लागलं मात्र नाही. गाडीत बारा-तेरा माणसं होती. दादा दुसऱ्या दिवशी आला तो घुश्शातच. "बंडीले मागं लाइट नाई, काई नाई. अन् तुहा हा निळा डोये दिपवते."

निळ्या उजेडानं रात्री समोरचं कमी दिसतं, हे खरंच आहे. म्हणून माझं समाधान झालं. आता दोष निळ्याचा ठरला. मी निळे काढले, पांढरे लावले, टोकं घासली, त्यातले दोन कमी केले. गाडी परत देताना मी दादाला म्हणालो, "आता पाहा, झकास दिसन." त्याला माझ्यावर विश्वास होता. माझ्या हातातल्या कामावर सगळ्या बाजारापेक्षा त्याचा जास्त विश्वास होता.

पूस महिन्याच्या थंडीत एकदा सकाळी त्याच्याबरोबर सानगडीला निघालो होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. तलावाच्या पाळीजवळ त्यानं गाडी हळू केली आणि म्हणाला, "यंदा धुई लयच पडून राहिली."

तलाव स्वच्छ दिसत होता. पलीकडची झाडं, पाण्यावरचे पक्षी, बांधीतलं लाखोळीचं हिरवं पीक, सगळं दिसत होतं. धुकं कुठेही नव्हतं. मी म्हणालो, "हो."

का म्हणालो, ते मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता त्या प्रश्नाला धार उरलेली नाही. थोरल्या भावाला उलट बोलायची सवय नव्हती, एवढंच उत्तर येतं. त्या रस्त्यानं मी अजून जातो. खरोखर दाट धुई असली की मला बरं वाटतं. स्वच्छ सकाळी मात्र पाळीजवळ पोचलो की मी उगाचच समोर दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटतो. खांब. झाड. सायकल. म्हातारी. शेजारी बसलेल्याला वाटतं मी त्याच्याशी बोलतोय.

त्यानंतर पंधरा दिवसांतच एका संध्याकाळी दादाचा डोळा लालबुंद झाला, कपाळ फुटतंय म्हणून तो भिंतीवर डोकं आपटायला लागला, उलट्या सुरू झाल्या. वहिनीला वाटलं पित्त झालं. तिनं लिंबू दिलं, डोक्याला पट्टी बांधली. पहाटे भंडाऱ्याला नेलं, तिथून त्यांनी तातडीनं नागपूरला पाठवलं. काचबिंदू, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही मोतीबिंदू ऐकला होता, हा शब्द नवा होता. डॉक्टरांनी दादाला विचारलं, "दिव्याभोवती रंगीत कडं दिसायचं का? कधीपासून?"

"दिवाळीपासून दिसे," दादा म्हणाला. "पन थो बल्बचा फाल्ट होता साहेब. माह्या भावानं दुरुस्त केला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. दादाला आत नेल्यावर ते मला म्हणाले, "तेव्हाच आणलं असतं तर दोन्ही डोळे राखता आले असते. आता गेलेलं परत येत नाही. घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्या." आवाजात राग नव्हता. मला वाटतं, रागावले असते तर मी घरी येऊन सगळं सांगितलं असतं.

परतीच्या गाडीत दादानं विचारलं, "काय म्हनलं डॉक्टर?"

"म्हने, हा रोग सांगून येत नाई. कोनालेच समजत नाई."

"हं," दादा म्हणाला. "माहं नशीबच फुटकं."

तेव्हापासून दाराला धडकला, चहाचा कप सांडला, की तो नशिबाला शिव्या देतो. आणि मी प्रत्येक वेळी कपडा घेऊन चहा पुसतो. घरातल्या सगळ्यांना मी दरवर्षी डोळ्यांच्या शिबिरात नेतो. पुतण्याला, पुतणीला, माझ्या पोरांना, स्वतः पहिल्या नंबरला उभा राहतो. घरात माझं नाव शिबिरवाला पडलं आहे. जीप आम्ही विकली. ती अजून त्याच रस्त्यावर चालते, दुसऱ्याच्या नावानं. कधीमधी दिवेलागणीला दुकानासमोर थांबते आणि तिच्या मीटरमध्ये मी लावलेले ते पांढरे उजेड लागलेले असतात. एलईडी लवकर जात नाहीत. मी नजर वळवून घेतो, पण त्याआधी पाहून झालेलं असतं.

यंदा मंडया लागल्या आणि एक माणूस मालवाहू टेम्पो घेऊन आला. पंचेचाळिशीचा असेल. तुमसरच्या मिलला धान पोचवतो म्हणाला. मीटरचा उजेड कमी पडतो, पांढरे एलईडी बसवून द्या, आणि हेडलाइटची काच बदला, उजेडाभोवती कडं दिसतं. मी स्क्रू आवळायचा पेचकस खाली ठेवला.

"कवापासून दिसते?"

"झाला असन महिना."

"घरच्या बल्बभोवतीबी दिसते का? संध्याकाळी भुवईच्या वर डोकं दुखते?"

"दुखते. पन त्याचं काय?"

"मी बल्ब नाई टाकत. तुम्ही उद्या डोळे दाखवा."

तो भडकला. मी गाडी दाखवायला आलो, डोळे नाही, म्हणाला. माझ्या वेडाबद्दल त्यानं ऐकलेलं असणार. मी त्याच्या टेम्पोची चावी काढून खिशात टाकली. त्यानं माझी कॉलर धरली. चार माणसं गोळा झाली. शेवटी त्याच्या बायकोला फोन लावायला लावला, तिला सगळं समजावून सांगितलं, आणि त्याच्या मेहुण्यानं येऊन टेम्पो चालवत नेला तेव्हाच चावी दिली. जाताना तो मला जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. मी वळलो तर दादा बाकावर ताठ बसलेला होता.

"विन्या, इकडं ये."

गेलो.

"थे कड्याचं तुले कवा समजलं?"

"नागपूरले. डॉक्टर बोलले."

"मले त नाई बोलले."

"तू अंदर होता. मले एकट्याले बोलले."

"काय बोलले?"

मी सांगितलं. डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे. बारा वर्षं रोज उजळणी होती, एकही चुकला नाही. मेणबत्तीचं सांगितलं, तलावाजवळच्या धुईचंही सांगितलं. रस्त्यावरून मंडईला जाणाऱ्या गाड्या वाजत-गाजत चालल्या होत्या, म्हणून मला थोडं मोठ्यानं बोलावं लागलं.

इतकी वर्षं मी मनात हा प्रसंग पुष्कळदा घडवून आणला होता. दरवेळी दादा शेवटी माझ्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, जाऊ दे. आता त्यानं हात पुढे केला नाही. दोन्ही तळवे मांडीवर घासत राहिला. मग म्हणाला, "बारा साल मी नशिबाले शिव्या देल्ल्या. नशीब काई आयकते का? जवाब देते का? अन् तू इथं समोर बसून होता. चाय पाजत होता मले. तुले देता आल्या असत्या त कवाचा मोकया झालो असतो ना मी."

मग त्यानं मला शिवी दिली. आमची आई एकच आहे हे विसरून, आईवरून. जन्मात पहिली. बाबांच्या मागे त्यानं मला वाढवलं, मारलं एखाददा, पण शिवी कधी दिली नव्हती. पहिलीनंतर दुसरी आली, मग थांबल्याच नाहीत. ट्रकवरच्या, स्टँडवरच्या, कुठल्या कुठल्या. शेजारचे दुकानदार बाहेर आले. कुणीतरी त्याला आवरायला पुढे झालं, त्याला मी हातानं मागे सारलं. दादाचा आवाज बसेपर्यंत मी त्याच्यासमोर उभा होतो. मग वहिनी आली आणि त्याला घरी घेऊन गेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो येईल असं मला वाटलं नव्हतं. सकाळी शटर उघडून, झाडून, उगाचच रिकामा बाक पुसत होतो, तेवढ्यात भिंतीला हात लावत तो आला. बसला. मी चहा सांगितला, आणि आला तसा कप त्याच्या हाताशी नेला.

त्यानं कप बाजूला ठेवला.

"थांब," तो म्हणाला. "कालचं पुरं नाई झालं अजून."